हनुवटीवरचे तीन ठिपके

"माणूस दोनदा मरतो. एकदा देहानं, एकदा चेहऱ्यानं. देह गेला तर जाऊ द्या. चेहरा गेला की सगळं गेलं."

अडतीस वर्षं गुजराती पेपरात माणसांचे चेहरे छापून आणणाऱ्या सुपडूनानांनी हे वाक्य बायकोच्या नवव्या दिवशी, सकाळी दहा वाजता, सुरतेत पर्वत पाटियाच्या घरातल्या भरल्या हॉलमध्ये उच्चारलं. वाक्य मोठं होतं. ते जुळवण्यासाठी नाना चार दिवस गप्प बसले होते. फक्त उच्चारताना त्यांनी कवळी लावलेली नव्हती. दातांशिवाय 'चेहऱ्या'चा 'शेऱ्या' होतो, आणि आठ दिवस रडून कान बसलेल्या माणसांना तो 'शिरा' ऐकू येतो.

 मग नानांच्या धाकट्या भावानं, भटूनं, थोरल्या सुनेकडे, योगिताकडे, मान वळवून हलक्या आवाजात सांगितलं की भाऊला शिरा खावासा वाटतोय, दुःखात असं होतं माणसाचं, पण सुतकात गोडाचं करू नको, दुधात पोळी चुरून दे.

योगिता वीस वर्षं या घरात होती आणि तिला नानांच्या दोन्ही भाषा येत होत्या, दातांची आणि बिनदातांची. तिनं आतून कवळीची वाटी आणली. "नाना, आधी दात. मग बोला."

नानांनी दात बसवले. पण मोठं वाक्य दुसऱ्यांदा म्हणता येत नाही, म्हणून त्यांनी उरलेलं छोटं वाक्य म्हटलं.

"माझ्याकडे तिचा फोटो नाही."

हे मात्र सगळ्यांना नीट ऐकू आलं.

उद्या नानांच्या बायकोची, कलाबाईंची, दहाव्याची गंधमुक्ती होती. खानदेशातून सुरतेला येऊन पन्नास वर्षं झाली तरी माणूस गेलं की दोन्हीकडचं करावं लागतं: गावाकडच्यांसाठी गंधमुक्तीची कार्डं, इकडच्यांसाठी गुजराती पेपरात बेसण्याची, म्हणजे शोकसभेची जाहिरात, फोटोसकट. कार्डं गेली होती. जाहिरात आज संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची होती. हॉलमध्ये स्टुलावर बारा बाय पंधराची नवी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली होती. तिला चंदनाचा हार होता, पुढे समई होती, आणि आत फ्रेमवाल्यानं नमुन्याला घातलेलं धबधब्याचं चित्र होतं. आठ दिवस येणारे-जाणारे धबधब्याला हात जोडत होते. भटूच्या एका साडूनं तर त्याच्यापुढे डोळे पुसले होते.

नानांच्या उमेदीत सुरतेत असा पुढारी नव्हता, असा मिलमालक नव्हता, बोर्डात आलेलं असं पोर नव्हतं, ज्याचं तोंड नानांनी सिंगल कॉलममध्ये बसवलं नव्हतं. त्यांची एक पद्धत होती. कॅमेरा डोळ्याला लावून समोरच्याला विचारायचं, "जेवलात का?" आणि तो उत्तराला तोंड उघडतो न उघडतो तोच खटका दाबायचा. हा प्रश्न विचारला की माणूस क्षणभर माणसासारखा दिसतो, असं नानांचं म्हणणं. मंत्रीसुद्धा. फोटोखाली नाव मात्र नानांचं कधी आलं नाही, 'आमच्या प्रतिनिधीकडून' असं यायचं. निवृत्त झाले तेव्हा मालकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. तबकडीवर मालकांचा फोटो होता, आणि तोही नानांनीच काढलेला होता.

असल्या माणसाच्या घरात बायकोचा फोटो नसावा याचं लोकांना नवल वाटत होतं. घरच्यांना वाटत नव्हतं. कलाबाई फोटो काढूच देत नसत. समोर मोबाइल आला की त्यांचा तळहात पुढे यायचा. योगिताच्या फोनात सासूबाईंच्या तळहाताचे त्रेचाळीस फोटो होते. लग्नांच्या अल्बममध्ये त्यांच्या पदराचे होते. आधार कार्डावर तोंड होतं, पण ऐन वेळी त्यांनी डोळे मिटले होते. मोठ्या मुलानं, लखननं, तो फोटो मोठा करून आणला तेव्हा तो अंगठ्याच्या ठशासारखा दिसायला लागला.

शेवटी जाहिरातीच्या एजंटनं एआयकडून डोळे उघडून घेतले होते. तो फोटो आत्ताच लखनच्या मोबाइलवर आला होता आणि हातोहात फिरत होता. फोटोतली बाई गोरी होती, कानात झुमके होते, आणि ती सगळ्या घराकडे बघून मालिकेतल्या सासूसारखी हसत होती.

"ही कोण शे?" नंदुरबारहून आलेल्या नूतननं विचारलं. ही नानांची मुलगी.

"वहिनीच आहे," भटू म्हणाला. "जरा तब्येत सुधारल्यासारखी वाटते."

"काका, माय हसली कधी? आणि गोंदण कुठे गेलं?"

कलाबाईंच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते, लहानपणी गावाकडे गोंदलेले. एआयला वाटलं असेल, डाग आहेत. त्यानं पुसून टाकले.

भटू समाज मंडळाचा उपाध्यक्ष होता आणि जाहिरातीत 'लि.', म्हणजे कळवणारा, म्हणून खाली त्याचं नाव पदासकट येणार होतं. त्यामुळे फोटोची सगळ्यात जास्त काळजी त्यालाच. बिनफोटोची जाहिरात म्हणजे बेवारशाची जाहिरात, असं त्यानं सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. लखनही त्याच्याच बाजूचा. काकापुतण्यांचं एका प्लॉटवरून झालेलं मागचं भांडण अजून मिटलेलं नव्हतं. पण या नऊ दिवसांत दोघं एका ताटात जेवत असल्यासारखे वागत होते, कारण दोघांना मिळून नानांवर रागवायचं होतं.

नूतन बराच वेळ धबधब्याकडे बघत बसली. तिला एक गोष्ट माहीत होती आणि ती आईनं तिला कुणाला सांगू नको म्हणून सांगितली होती. स्वतःच्या लग्नाआधी नूतननं हट्ट धरला होता की माय, सासरी न्यायला तुझा एक फोटो दे. तेव्हा कलाबाईंनी चुलीपुढे बसून, पोळी भाजत, तिला सगळं सांगितलं. पोळी करपली होती, एवढंच नूतनला त्या दिवसाचं नक्की आठवत होतं. नानांचं 'माझ्याकडे नाही' तिला सहन झालं नसतं असं नाही. पण ते त्यांनी दात लावून, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं म्हटलं होतं.

"तुमच्याकडे नाही, नाना," ती म्हणाली. "पण कुठे आहे ते तरी सांगा सगळ्यांना."

नानांनी कवळी जिभेनं वर ढकलली. अवघड प्रश्न आला की ते असंच करत. मग ते सांगायला लागले, आणि अर्धं त्यांनी सांगितलं, उरलेलं नूतननं.

ते साल एकोणनव्वद. तेव्हा हे बिऱ्हाड पांडेसऱ्यात एका खोलीत होतं. छत्तीस फोटोंचा रोल काटकसरीनं भरला तर शेवटी सदतिसावी फ्रेम मिळायची, कडेला जरा उजेड खाल्लेली. त्या दिवशी सकाळी अशी एक फ्रेम उरली होती. कलाबाई दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. नाना म्हणाले, थांब, फिल्म वाया जाईल. कलाबाईंना फिल्म कशी वाया जाते हे माहीत नव्हतं, नवरा आपला फोटो काढतोय एवढंच कळलं. त्यांनी हात धुतले, केस विंचरले, पदर डोक्यावरून घेतला. नानांनी विचारलं, जेवलीस का? त्या "नाही" म्हणाल्या आणि खटका पडला.

दुपारी कापड रंगवण्याच्या एका डाइंग हाउसमध्ये बॉयलर फुटला. मीराबाई नावाची कापडाच्या घड्या घालणारी बाई त्यात गेली. संपादकांनी नानांना तिच्या घरी नवागामला पाठवलं: फोटो आण. नाना गेले. खोलीत तिचा नवरा भिवा दीड वर्षाचं पोर मांडीवर घेऊन बसला होता. भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते, आणि घरातल्या माणसाचा एकही फोटो नव्हता. नाना रिकाम्या हातानं परत आले. संपादक म्हणाले, चेहऱ्याशिवाय बातमी कोण वाचतं, पाचव्या पानावर टाका.

पाचव्या पानावर टाकलेली बाई पाचव्या पानावरच राहते, हे नानांना माहीत होतं. ते डार्करूममध्ये गेले, सकाळचा रोल धुतला, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मीराबाईचा फोटो होता. पेपरातला सगळा फोटोच ठिपक्यांचा. त्यात हनुवटीवरचे तीन ठिपके कोण मोजणार?

बातमी पहिल्या पानावर आली. तिसऱ्या दिवशी पांडेसऱ्यात मोर्चा निघाला. कलाबाई पिशवी घेऊन भाजीला निघाल्या होत्या. समोरून हजारभर माणूस आलं आणि प्रत्येक चौथ्या हातात काठीवर कलाबाईंचं तोंड होतं. खाली लिहिलं होतं, मीराबाई अमर रहे. कलाबाई वाचायला शिकलेल्या नव्हत्या, पण स्वतःचं तोंड त्यांना वाचता येत होतं. मोर्चा जाईपर्यंत त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. घरी येऊन रिकामी पिशवी खुंटीला लावली.

"अमर व्हई गऊ मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भाजी भेटनी नई."

पुढे युनियनच्या लोकांनी भिवाच्या घरासाठी मोठा फोटो मागितला. नानांनी तो बनवला. कुणी बायकोला ओळखू नये म्हणून बारीक ब्रशनं हनुवटीवरचे तीन ठिपके पुसून टाकले. हेही कलाबाईंना कळलं. कसं, ते नानांना कधी कळलं नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी, चहा देताना, त्यांनी एवढंच सांगितलं: "तुम्हीन एकदाव माले मारी टाकं. आते पुरं. पुन्हा फोटू नको." निगेटिव्ह तापीच्या दोन हजार सहाच्या पुरात गेली, आणखी तीस हजार तोंडांबरोबर. म्हणजे जगात कलाबाईंचा एकच धड फोटो होता, आणि तो छत्तीस वर्षं नवागामला भिवाच्या भिंतीवर दुसऱ्याच बाईच्या नावानं हार घालून होता.

गोष्ट संपल्यावर पहिल्यांदा भटू बोलला. त्यानं विचारलं की हा भिवा, म्हणजे, कोण लोक. नूतननं सांगितलं. नाव, गाव, बुद्ध, बाबासाहेब हे सगळं एकदा सांगून झालंच होतं, तरी तिनं पुन्हा सांगितलं. भटूचा चेहरा हळूहळू सिंगल कॉलमचा झाला.

"आपली वहिनी त्यांच्या घरात?" तो म्हणाला. "छत्तीस वर्षं?"

मग त्यानं सगळ्यांना समजावलं की मुळात फोटो ही बाहेरची गोष्ट आहे. खरा फोटो मनात असतो. शिवाय सुतकात दुसऱ्याच्या घरी जाता येत नाही. योगितानं आठवण दिली की काका कालच मंडळाच्या मीटिंगला जाऊन आले, तिथे भजी होती. भटू म्हणाला, मीटिंग वेगळी. आणि शेवटी फ्रेमकडे हात करून म्हणाला, "धबधबा राहू द्या. निसर्ग आहे. कुणी काही बोलणार नाही."

लखन इतका वेळ भिंतीशी उभा होता. तो पर्वत पाटियाला साड्यांच्या पार्सलचं काम बघायचा, दिवसभर शंभर माणसांशी ओरडून बोलायचा, आणि घरात त्याचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता.

"मी आठ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "शाळेत सगळी पोरं आईबरोबर फोटो काढायची. ही माझ्याबरोबर कधी उभी राहिली नाही. मला आजपर्यंत वाटत होतं, मीच काहीतरी केलंय."

 लखनला उत्तर नकोच होतं. त्यानं गाडीची किल्ली घेतली. मी जातो, फोटो उतरवून आणतो, माझी आई आहे, आणि त्या माणसाला तोंडावर सांगतो कुणाची आई आहे ती. नूतन म्हणाली, मीही तेच म्हणते. म्हणजे सकाळी काकापुतणे एकीकडे होते, आता भाऊबहीण एकीकडे झाले, आणि भटू एकटाच धबधब्याकडे राहिला.

"लखन," नाना म्हणाले. दात तोंडात होते, शब्द नीट आले. "त्या पोराला आई आठवत नाही. दीड वर्षाचं होतं. तू फोटो उतरवलास तर तिची आई दुसऱ्यांदा मरेल, आणि या वेळी मी मारली असं होईल."

"त्याची," योगिता म्हणाली.

"हां. त्याची."

योगितानं मग ठरवलं. या घरात शेवटी तीच ठरवायची आणि ठरवून झाल्यावर सगळे तिला विचारल्यासारखं करायचे. जायचं. फोटोचा फोटो काढायचा. कुणाला काही सांगायचं नाही. लखन म्हणाला, म्हणजे खोटं बोलायचं. ती म्हणाली, बोलायचं कुठे, नुसतं बोलायचं नाही. छत्तीस वर्षं चाललंय, आणखी एक दुपार चालेल. मोबाइलवर काढायला दोन सेकंद लागतात.

"काचेवर चमक येते मोबाइलनं," नाना म्हणाले आणि खाटेखालून कॅमेऱ्याची बॅग ओढली. नऊ दिवसांत पहिल्यांदा ते कशाला तरी उपयोगी पडत होते. योगितानं ते पाहिलं आणि तिला त्यांचा रागही आला आणि दुसरंही काही आलं. तिनं दोन्ही बाजूला ठेवून ॲक्टिवाची किल्ली घेतली.

लखन पुढे बाइकवर. मागे ॲक्टिवावर योगिता, तिच्यामागे मांडीवर बॅग धरलेले नाना. रस्ताभर ट्रक, टेम्पो, ताग्यांनी भरलेल्या रिक्षा. नानांनी एकदाच तोंड उघडलं. त्यांनी विचारलं की योगिता, ती माझ्याबद्दल काही बोलायची का. योगितानं हॉर्न वाजवला. सासूबाई मरायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या की यांना मीठ कमी घाल, बीपी आहे. हे सांगावं की नाही, तिला ठरवता आलं नाही, आणि तेवढ्यात नवागाम आलं.

भिवाच्या मुलाचं नाव हितेश. पांडेसऱ्यात एका मिलमध्ये कलर मास्टर होता, नखांच्या कडा निळ्या. आज त्याची सुट्टी होती. दारात नानांना बघून आधी त्यानं ओळखलं नाही, मग नाव ऐकलं आणि खाली वाकून पायाच पडला. "आवो काका, बेसो, बेसो." बायकोला हाक मारून म्हणाला, अगं, हेच ते, यांनीच मम्मीचा फोटो काढला होता. बायको पदर सावरत बाहेर आली आणि तीही पाया पडली. लखन उंबऱ्यात उभा होता. तोंडावर सांगायचं वाक्य त्यानं रस्त्यात चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

मग त्यानं भिंतीकडे पाहिलं.

माय तिथे होती. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. पदर डोक्यावर, ओठ 'नाही' म्हणताना थोडे उघडे. कडेला उजेडाचा पट्टा. हार ताजा होता, झेंडूचा, सकाळचा. फ्रेमची काच इतकी पुसलेली की लखनला तीत स्वतःचं तोंड दिसत होतं. आपल्या घरात मायला जिवंतपणी एवढं रोज कुणी पुसलं नव्हतं. हनुवटी कोरी होती.

"रोज घालतात पप्पा," हितेश म्हणाला. "एक दिवस चुकवत नाहीत. मला तर आठवतच नाही ना मम्मी. हा फोटो नसता तर मी कुणाला मम्मी म्हणायचं?" आणि मग कौतुकानं, "माझी पोरगी दहावीला आहे. सगळे म्हणतात, हनुवटी बिलकुल आजीची आहे."

योगितानं लखनकडे पाहिलं. लखननं भिंतीकडे पाहिलं. त्याच्या तोंडातलं वाक्य कुठे गेलं ते त्यालाच कळलं नाही.

"फोटो चांगला आलाय," तो म्हणाला.

योगिता पटकन म्हणाली की नाना जुनी कामं गोळा करतायत, एक कॉपी हवी होती. हितेशला आनंद झाला. त्यानं स्वतः हार काढला, फ्रेम उतरवून खिडकीशी धरली. नानांनी कॅमेरा लावला, काचेवरची चमक चुकवायला दोन पावलं डावीकडे सरकले, श्वास धरला. बायकोचा फोटो ते आयुष्यात दुसऱ्यांदा काढत होते. 'जेवलीस का' विचारायची सवय जिभेवर आली होती, ती त्यांनी कवळीमागे अडवली. खटका पडला.

लखन त्यांच्या कानाशी झुकला. "ठिपके?"

"ते मी घालतो," नाना म्हणाले. "मीच काढले होते."

सव्वातीन झाले होते. पाचला बराच वेळ होता. हितेश लखनला घेऊन कोपऱ्यावर थंडा आणायला गेला. दोघं जिना उतरताना एकमेकांना मिलचं विचारत होते. आत बायका चहाचं बघत होत्या. बाहेरच्या खोलीत नाना राहिले, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर इतका वेळ गप्प बसलेला भिवा.

"जय भीम," भिवा म्हणाला.

"राम राम," नाना म्हणाले.

भिवा मलकापूरकडचा. वय झालं होतं, गाल आत गेले होते, बोलताना ओठ एकमेकांवर दुमडत होते. "बाई गेली म्हने तुमची. बजारात आयकलं."

"आज नववा."

भिवानं मान हलवली. खाटेवर ठेवलेली फ्रेम मांडीवर घेतली, हार उचलला, त्यातलं एक चुरगळलेलं फूल काढून टाकलं आणि हार पुन्हा नीट घातला. "म्हंजे आजपासून बरोबर झालं. इतके दिवस जित्या बाईले हार घालत होतो. भेव वाटे."

नानांच्या हातातून कॅमेऱ्याची टोपी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सुपडूभाऊ, नवरा हाये ना मी तिचा." भिवा हे रागानं म्हणाला नाही. "पेपर आला तवाच पाह्यलं. पन लोकं तोंड घेऊन रडून राह्यले होते, मोर्चा निघाला होता, पोरगं फोटोकडं हात करू करू माय म्हने. कोनाले सांगू?" मग तो म्हणाला, "एकदा बजारात दिसली होती तुमची बाई. मेथी घेत होती. हनुवटीवर तीन ठिपके. म्या मांगं मांगं गेलो थोडं. मंग आलो परत. घरी येऊन हार काढून ठेवला. पोरानं इचारलं, मम्मीचा हार कुठं गेला. पुन्हा घातला."

आत कपबश्या वाजल्या.

"एकच झालं," भिवा म्हणाला. "रोज हिच्याशी बोलून बोलून माह्या मीराचं तोंड गेलं. आठवाले गेलो का हेच येते. तिचे हात आठवते. बोलनं आठवते. तोंडाच्या जागी ही."

अडतीस वर्षांत नानांनी तीस हजार तोंडं ठेवली होती आणि एक मिटवलं होतं, आणि ते कुणाचं, हे त्यांना आज कळत होतं. सकाळचं वाक्य त्यांना आठवलं. माणूस दोनदा मरतो, एकदा देहानं, एकदा चेहऱ्यानं. आता ऐकणारा होता, दातही होते. पण ते वाक्य या माणसापुढे म्हणण्याइतके नाना निर्लज्ज नव्हते. त्यांनी हात जोडायला सुरुवात केली. कॅमेरा मध्ये आल्यामुळे ते नीट जोडले गेले नाहीत.

"राहू द्या ते," भिवा म्हणाला. "एक काम होतं. आलेच हा कॅमेरा घेऊन, तं माहा बी एक काढून ठेवा. मी गेल्यावर पोरगं आधार कार्डावरचाच मोठा करीन, मले माहीत हाये. हिच्या बाजूले लावाचा हाये. बरोबरीचा पाह्यजे. जोडा दिसला पाह्यजे."

लग्नानंतर नानांनी कलाबाईंबरोबर कधी फोटो काढून घेतला नव्हता. लग्नातला एक होता, त्यात त्यांचं निम्मं तोंड आणि तिचा पदर. तोही पुरात गेला. आता त्यांची बायको कायमची एका भिंतीवर जोड्यानं बसणार होती, आणि जोडीदाराचा फोटो त्यांनाच काढायचा होता.  त्यांनी भिवाला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. मग सवयीनं विचार केला: ती उजवीकडे बघतेय, म्हणजे हा डावीकडे बघायला हवा. त्यांनी भिवाची हनुवटी दोन बोटांनी धरून थोडी डावीकडे केली. भिवानं शर्टाचं वरचं बटण लावलं.

नानांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"जेवलात का?"

भिवानं उत्तराला तोंड उघडलं, आणि लगेच तळहात पुढे आणून झाकलं. आत एकही दात नव्हता. नाना थांबले. असा तळहात त्यांनी छत्तीस वर्षं पाहिला होता.

थोड्या वेळानं भिवानं हात खाली घेतला. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मांडीवरल्या फोटोकडे पाहिलं, मग बराच वेळ नानांच्या तोंडाकडे पाहिलं.

"सुपडूभाऊ, राग नका मानू," तो म्हणाला. "तुमची कवळी देता का जरा? फोटोपुरती."